मुलाखतीला निघण्याआधी १९३३ला जाऊन या

पीएचडीच्या मुलाखतीची तुमची तयारी जय्यत आहे. स्वतःचं संशोधन दोन मिनिटांत कसं सांगायचं आणि दहा मिनिटांत कसं, दोन्ही घोटून झालंय. ज्या प्राध्यापकांशी गाठ पडणार त्यांचे ताजे शोधनिबंध वाचून समासात पेन्सिलीच्या खुणा केल्यात. मैत्रिणीने लुटूपुटूची मुलाखत घेऊन तुम्हाला घामही फोडलाय. अजून आठवडा हाताशी आहे. तो आणखी पाठांतरात घालवू नका. पुण्याला जाऊन मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेची मीटरगेज गाडी पकडा. मिरज, बेळगाव, हुबळी करत ती तुम्हाला म्हैसूर संस्थानातल्या बंगळूरला आणून सोडेल. साल १९३३.

बंगळूर, १९३३

स्टेशनबाहेर जटकेवाल्याला ‘टाटा इन्स्टिट्यूट’ एवढंच सांगा. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स हे पूर्ण नाव कागदावर असतं. गाव तिला जमशेटजींच्या नावानेच ओळखतं. घोडा मल्लेश्वरमच्या बाजूने निघतो आणि थोड्या वेळाने झाडांच्या वर करड्या दगडाचा मनोरा दिसू लागतो. इमारत तुम्ही ओळखता. संस्थेच्या संकेतस्थळावर तिचाच फोटो आहे आणि तुमच्या भारतातल्या अर्जांपैकी एक अर्ज तिथेच गेलाय.

संचालकांच्या खोलीबाहेर बसायला जागा मिळते. संचालक या खुर्चीवर नुकतेच आलेत, पण त्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. चंद्रशेखर वेंकट रामन. १९३०चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालंय आणि या संस्थेचे ते पहिले भारतीय संचालक आहेत. तुम्ही सवयीने फाइल उघडता. यांचे शोधनिबंध वाचायला हवे होते का?

त्याचा उपयोग झाला नसता. शेजारी बसलेल्या मुलीकडे बघा. ती मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. आहे, मुख्य विषय रसायन, जोडीला भौतिकशास्त्र, आणि गुणवत्ता यादीत नाव वर. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघेही रसायनशास्त्रज्ञ आणि दोघेही याच संस्थेचे जुने विद्यार्थी. शिफारसपत्रं, गुण, घराण्याची ओळख, आज ज्याला आपण ‘प्रोफाइल’ म्हणतो ते सगळं तिच्यापाशी आहे. तिचं नाव कमला भागवत. थोरली बहीण दुर्गा पुढे मराठी साहित्यात केवढं नाव करणार आहे, ते मात्र तिच्याजवळ आत्ताच बोलू नका.

तिचा अर्ज नाकारला गेलाय. वडील आणि काका रदबदली करून थकलेत. अर्जातल्या कुठल्याही ओळीवर चर्चा झालेली नाही. उमेदवार मुलगी आहे आणि मुलींना या संस्थेत घ्यायचं नाही, इथेच विषय संपलाय.

तुमच्या काळातल्या मुलाखतींच्या मार्गदर्शनात या प्रसंगासाठी धडा नाही. नकार आला की आभाराची मेल पाठवायची आणि पुढच्या नावाकडे वळायचं, असं तुम्हाला शिकवलंय. कमला उठते आणि संचालकांकडे नकाराचं कारण मागते. प्रवेश मिळेपर्यंत इथून हलणार नाही, इथेच सत्याग्रह करेन, असं ती सांगते. दांडीयात्रेला तीनच वर्षं झालीत. सत्याग्रह या शब्दाचा अर्थ खोलीतल्या कुणालाही समजावून द्यावा लागत नाही.

क्षणभर हा प्रसंग तिच्या बाजूने बघा. मुलाखत घेण्याचं ज्यांनी नाकारलं त्यांचीच तिने मुलाखत घेतली, आणि प्रश्न एकच विचारला: कोणत्या निकषावर? त्याचं पटण्याजोगं उत्तर समोरच्या टेबलाकडे नव्हतं.

प्रवेश मिळतो, पण अटींसकट. पहिलं वर्ष ती नियमित विद्यार्थिनी धरली जाणार नाही. कामाबद्दल संचालकांची खात्री पटली तरच प्रवेश पक्का. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करावं लागेल. आणि प्रयोगशाळेतलं वातावरण तिच्यामुळे बिघडता कामा नये. तिसरी अट वाचून तुमची कानशिलं तापतात. कमला तिन्ही मान्य करते, एम. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दूध, डाळी आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम सुरू करते आणि १९३६मध्ये मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. विशेष प्रावीण्यासह मिळवते. वर्षभरातच रामन यांची खात्री पटली आणि संस्थेचं दार पुढच्या मुलींसाठी उघडलं.

इथे टाळ्या वाजवून परत फिरण्याचा मोह होईल. थांबा. पुढे कित्येक दशकांनी, स्वतः नावाजलेली शास्त्रज्ञ झाल्यावर, कमलाबाईंनी जाहीरपणे सांगितलं की रामन थोर वैज्ञानिक होते पण मनाने कोते होते, आणि त्यांनी दिलेली वागणूक त्या कधी विसरू शकल्या नाहीत. म्हणजे लढाई जिंकूनही तिची किंमत आयुष्यभर खात्यावर राहिली. तुमच्या वहीत पहिली नोंद करा: प्रवेश कोणत्या अटींवर मिळतोय? अटी आज कोणी तोंडावर सांगत नाही. त्या शोधाव्या लागतात.

केंब्रिज, १९३७ ते १९३९

मुंबई विद्यापीठाच्या स्प्रिंगर आणि सर मंगळदास नथुभाई या शिष्यवृत्त्यांवर कमला भागवत १९३७मध्ये इंग्लंडला जाते. तुम्हीही बोटीवर चढा. लाटांनी पोट ढवळलं तर तक्रार करू नका. विमानाच्या तिकिटाचे पैसे विद्यापीठ भरतं, असा काळ यायला अजून बराच अवकाश आहे.

केंब्रिजच्या टेनिस कोर्ट रोडवर सर विल्यम डन इन्स्टिट्यूट आहे. जीवरसायनशास्त्राच्या या संस्थेचे प्रमुख सर फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स, वय ७६. दुधातले काही अंश अगदी थोडे असले तरी त्यांच्यावाचून उंदरांची वाढ खुंटते, हे त्यांनी दाखवून दिलं होतं. त्या अंशांना पुढे जग जीवनसत्त्वं म्हणू लागलं आणि १९२९चं वैद्यकाचं नोबेल हॉपकिन्स यांच्याकडे आलं.

इथे तुम्ही एक तारीख ताडून बघा. बंगळूरला कमलाच्या तोंडावर दार बंद झालं त्याच १९३३ साली नाझींनी हान्स क्रेब्ज नावाच्या ज्यू डॉक्टरला फ्रायबुर्गमधून हाकललं, आणि त्याला प्रयोगशाळेत जागा दिली ती हॉपकिन्स यांनी. आज जीवशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात जे क्रेब्ज चक्र आहे ते याच माणसाचं. शिवाय मार्जरी स्टीफन्सन, डोरोथी नीडहॅम अशा स्त्रिया या प्रयोगशाळेत कधीपासून काम करताहेत. दोन्ही संस्था नोबेल मिळालेल्या माणसांच्या. आत कोणाला बसू द्यायचं, याबद्दलची समज मात्र वेगवेगळी. संस्थेच्या नावावरून आणि प्रमुखाच्या पदकावरून ही समज कळत नाही. बाकांवर कोण बसलंय ते जाऊन बघावं लागतं.

प्रयोगशाळा खचाखच भरलेली आहे. नव्या विद्यार्थिनीला काम करायला टेबल कुठून आणायचं? डेरेक रिक्टर नावाचा संशोधक आपलं टेबल दिवसा तिला देऊ करतो. रात्री तो स्वतः त्याच टेबलावर झोपतो, असं सांगतात. त्याच्याबरोबर तिचं काम अॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांवर आणि प्राण्यांच्या शरीरात त्यांचं ऑक्सिडीकरण करणाऱ्या विकरांवर आहे. १९३८च्या ‘बायोकेमिकल जर्नल’मध्ये भागवत आणि रिक्टर अशी जोडनावं छापून येतात.

आणि रिक्टर दुसरीकडे निघून जातो.

पीएचडी करणाऱ्या कोणालाही विचारा, दचकून जागं करणारं स्वप्न हेच: मार्गदर्शक सोडून गेले. आता काय? जुळवाजुळव पुन्हा पहिल्यापासून? पण त्याच प्रयोगशाळेत रॉबिन हिल तशाच स्वरूपाचं काम वनस्पतींवर करताहेत. सूर्यप्रकाशात हरितलवकं पेशीबाहेरही प्राणवायू सोडतात, हे दाखवणारी ‘हिल अभिक्रिया’ त्यांचीच. कमला प्राण्यांकडून वनस्पतींकडे वळते. हातात बटाटा.

तुम्हीही वाकून बघा. बटाट्याच्या पेशींतून काढलेला द्राव आणि त्यावर रोखलेला छोटा वर्णपटदर्शक. प्रकाशाच्या पट्ट्यात ठरावीक जागी काळसर रेघा दिसल्या तर सायटोक्रोम आहे असं समजायचं. सायटोक्रोम ही पेशीच्या श्वसनात इलेक्ट्रॉन पुढच्या हाती सोपवत अखेर ऑक्सिजनपर्यंत पोचवणारी प्रथिनं. डेव्हिड केलिन यांनी १९२५मध्ये याच केंब्रिजात त्यांना नाव दिलं. कमलाला ‘सायटोक्रोम सी’ वनस्पतींच्या पेशींतही सापडतं. याचा अर्थ श्वास घेण्याच्या रासायनिक यंत्रणेपुरता बटाटा आणि बटाटा सोलणारा माणूस यांच्यात जवळचं नातं आहे. १९३९मध्ये हिल आणि भागवत यांचं टिपण ‘नेचर’मध्ये छापून येतं.

प्रबंध चाळीस टंकलिखित पानांचा. केंब्रिजला आल्यापासून चौदा महिन्यांत तो सादर झाला आणि १९३९ साली पीएचडी मिळाली. विज्ञानातली पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत कमलाबाईंचं नाव घेतात. एवढं होऊनही स्त्रियांना केंब्रिज विद्यापीठाचं पूर्ण सदस्यत्व मिळायला १९४८ उजाडावं लागलं. मोकळ्या मनाच्या प्रयोगशाळेवरही विद्यापीठाचं जुनं छप्पर असतंच.

वहीत दुसरी नोंद: मार्गदर्शक गेला, त्याचा पैसा संपला किंवा त्याच्याशी पटलं नाही, तर मला सावरून घेणारं दुसरं कोणी इथे आहे का?

पुन्हा बंगळूर, १९४५

परतीच्या वाटेवर बंगळूरला एक धावती भेट. कमला भागवत ज्या दारातून आत शिरली त्याच दारातून १९४०मध्ये अॅना मणी आल्या, आणि यावेळी खुद्द रामन यांच्याच प्रयोगशाळेत. हिरे आणि माणकं यांच्या प्रकाशदीप्तीवर त्यांनी पाच शोधनिबंध एकटीच्या नावाने प्रसिद्ध केले. १९४५मध्ये प्रबंध मद्रास विद्यापीठाला सादर झाला, कारण संस्था स्वतः तेव्हा पदवी देत नव्हती. विद्यापीठाने पदवी नाकारली. अॅना मणींकडे एम.एस्सी. नव्हती. याच मुलीला संशोधनासाठी शिष्यवृत्ती देताना कोणाला एम.एस्सी. आठवली नव्हती.

अॅना मणी पुढे हवामानशास्त्राकडे वळल्या आणि देशाला लागणारी मोजमापाची उपकरणं देशातच घडवण्याच्या कामात त्यांनी मोठी कामगिरी केली. तो प्रबंध अजून रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात आहे. पैसा देणारे एक आणि पदवी देणारे दुसरे, म्हणून तिसरी नोंद रुक्ष असली तरी ठळक करा: पदवी कोण देणार, तिचे नियम काय, आणि माझ्यासारख्या विद्यार्थ्याचा पगार नेमका कोणत्या खात्यातून निघणार?

बॉस्टन, येता फेब्रुवारी

आता तुमची पाळी. लाँगवुड अॅव्हेन्यूवर वारा हाडांत शिरतोय, दोन्ही बाजूंना इस्पितळं आणि प्रयोगशाळा, आणि हार्वर्ड मेडिकल स्कूलच्या पांढऱ्या संगमरवरी इमारतींपुढे घट्ट झालेला बर्फ. सूट घालून आला असाल तर तुम्हीच एकटे आहात. बाकीचे स्वेटर आणि नीटस बुटांत आहेत. बूट न घसरणारे हवेत, हे कोणी सांगितलं नव्हतं. भारतातून अर्ज करणाऱ्या अनेकांची हीच मुलाखत रात्री अकराला, घरच्या पंख्याखाली, पडद्यावर होते.

जीववैद्यकीय विषयांच्या पीएचडीसाठी अमेरिकेतले विभाग जानेवारी ते मार्च या काळात निवडक उमेदवारांना दोन-तीन दिवस बोलावतात. विमान, हॉटेल, जेवण त्यांच्या खर्चाने. साधारण अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चार-सहा मुलाखती, मधल्या वेळात या इमारतीतून त्या इमारतीत पळापळ, संध्याकाळी पोस्टर आणि विद्यार्थ्यांबरोबर जेवण.

पहिल्या प्राध्यापिका चहाचा मग हातात घेऊन विचारतात, तुम्ही काय काम केलंत? तुम्ही घोटलेली दोन मिनिटं वाजवून दाखवता. त्या शांतपणे ऐकतात आणि मग कागदावर आलेख काढायला सांगतात. नियंत्रण प्रयोग कोणता होता? हाच निष्कर्ष चुकीचा ठरवायचा असेल तर कोणता प्रयोग कराल? यातलं तुमच्या हातचं किती आणि सीनियरचं किती? पाठांतर इथे संपतं. ज्याने स्वतः नमुने हाताळलेत, रात्री जेल फसलेला बघितलाय आणि सकाळी तो का फसला याचा छडा लावलाय, तो इथे खुलतो. वाटा नेमका सांगा. मार्गदर्शकाच्या आदरापोटी सगळं श्रेय प्रयोगशाळेच्या नावावर टाकलंत तर तुमच्याबद्दल लिहायला त्यांच्याकडे काहीच उरत नाही. जे माहीत नाही ते नाही म्हणा आणि ते कसं शोधून काढाल ते सांगा. या प्राध्यापिकेला त्यातच रस आहे.

शेवटची पाच मिनिटं उरतात आणि त्या विचारतात, तुम्हाला काही विचारायचंय का? बहुतेक जण या ठिकाणी हसून नकारार्थी मान हलवतात. तुम्ही वही उघडा.

येत्या वर्षी तुम्ही विद्यार्थी घेणार आहात का? पहिल्या वर्षी तीन प्रयोगशाळांत फिरून एक निवडायची असते. तिन्हींपैकी कुठेच जमलं नाही, तर विभाग काय करतो? तुमच्याकडून गेल्या काही वर्षांत बाहेर पडलेले विद्यार्थी आज कुठे आहेत? आणि मधेच सोडून गेलेले? शेवटच्या प्रश्नावर काही जण मोकळेपणी बोलतील, काही जण घड्याळाकडे बघतील. दोन्ही उत्तरं लिहून घ्या.

पगाराचा प्रश्न प्राध्यापकांना न विचारता कार्यालयात विचारा, पण विचारा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेची, म्हणजे एनआयएचची, टी-३२ ही प्रशिक्षण अनुदानं फक्त अमेरिकी नागरिकांना आणि कायम रहिवाशांना मिळतात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्याचा खर्च विभाग कुठल्या पैशातून आणि किती वर्षं उचलणार, हे कागदावर आहे का? अॅना मणींना नियम आडवा आला तो प्रबंध सादर झाल्यावर. तुम्ही आधीच विचारू शकता.

खरी मुलाखत रात्रीच्या जेवणाला. टेबलावर चौथ्या-पाचव्या वर्षाचे विद्यार्थी आहेत आणि त्यांचं मत निवडीत धरलं जाऊ शकतं, तेव्हा वाइनच्या पेल्याशी बेतानेच सलगी करा. पण त्यांच्याइतकं खरं तुम्हाला कोणी सांगणार नाही. जो सर्वांत जास्त बोलतोय त्याच्याशेजारून उठून जो गप्प जेवतोय त्याच्याशेजारी बसा. मार्गदर्शक आठवड्यातून किती वेळा भेटतो? प्रयोग फसला की काय म्हणतो? कोणी आजारी पडलं तर? या शहराचं भाडं पगारातून निघतं का? इथेच रिक्टरचं टेबल सापडतं किंवा सापडत नाही. रामन यांची तिसरी अट कुठे लपलेली असेल तर तीही इथेच कळते: एखाद्या प्रयोगशाळेत बाई म्हणून, परदेशी म्हणून किंवा भाषा अडखळते म्हणून कोणाला बाजूला बसवतात का, हे जेवताना अर्ध्या वाक्यात बाहेर येतं.

मुंबईला टीआयएफआर किंवा बंगळूरला एनसीबीएस या संशोधन संस्थेत मुलाखत असेल तर रचना वेगळी. प्रवेश परीक्षा आधी, मग समोर तीन-चार जणांचं मंडळ, हातात खडू किंवा मार्कर आणि मूलभूत प्रश्नांची सरबत्ती. तिथे परीक्षेचा वास जास्त येतो आणि उमेदवार उलट प्रश्न विचारायला कचरतात. सर रागावतील का? विचारा. पाच-सहा वर्षं तुम्ही तिथे राबणार आहात. मंडळातल्या ज्या माणसाला प्रश्न विचारलेला खपत नाही, त्याच्या हाताखाली संशोधन कसं होणार, तेही तिथेच कळून जातं.

१५ एप्रिलपर्यंत

दोन ठिकाणांहून पत्रं येतात. अमेरिकेतल्या कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा ठराव मानणारी विद्यापीठं आर्थिक साहाय्यासह दिलेल्या प्रवेशावर उत्तर देण्यासाठी तुम्हाला १५ एप्रिलपर्यंत वेळ देतात. त्याआधी कोणी घाई केली तर गडबडून होकार कळवू नका.

घरी एकच मत असेल: जिथलं नाव मोठं तिथे जा. नावाला वजन असतं, नाकारण्यात अर्थ नाही. कमलाबाईंनीही मोठं नाव असलेल्या टाटा इन्स्टिट्यूटलाच अर्ज केला होता. पण तुम्ही आता वही उघडून दोन रकाने आखा आणि दोन्ही ठिकाणांपुढे तीन नोंदींची उत्तरं भरा. अटी काय होत्या? पहिला आधार सुटला तर दुसरा कोण? पैसा आणि पदवी कोणाच्या हातात? ज्या ठिकाणाहून या प्रश्नांना सरळ उत्तरं आली त्याच्यापुढे खूण करा. एखाद्या विभागाने उत्तर टाळलं असेल, तर १५ एप्रिलच्या आत पुन्हा पत्र लिहा आणि तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारा. तेव्हाही टाळलं, तर त्या विभागाची मुलाखत तुमच्या बाजूने संपली आहे. निकाल तुम्ही द्यायचाय.